उचलता येईल एवढं वजन

पडदेवाल्या मावशी आणि त्यांची सून अशा दोघी रस्त्याने निघाल्या की गल्लीतली पोरं एकमेकांना कोपरखळी मारून म्हणायची, "दहा आले रे, दहा!" सून इंग्रजी एकासारखी सरळसोट आणि शेजारी मावशी, शून्यासारख्या गोल. हे पहिल्यांदा मावशींच्या कानावर आलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की दिव्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत त्या पोरांना म्हणाल्या, "माझ्यावाचून ती एकच राहील रे गाढवांनो. किंमत शून्यानेच वाढते."

अंगावरून होणारी थट्टा त्यांना नवी नव्हती. अंग तेच होतं, फक्त वयागणिक त्याला नवं नाव मिळत गेलं. लहानपणी गुटगुटीत, शाळेत ढब्बी, लग्नाच्या वेळी भरल्या अंगाची, बाळंतपणानंतर सुटलेली, आणि पन्नाशीनंतर डॉक्टरांच्या तोंडून काहीतरी लांबलचक. नवरा होता तोवर भर उन्हात त्यांच्या कडेने चालायचा आणि म्हणायचा, "मला बुवा छत्री लागत नाही." तो गेल्याला बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरीला. सहा-सहा, आठ-आठ महिने समुद्रावर. घरात उरल्या या दोघी. पुढच्या खोलीत मावशींचं पडद्यांचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सून दोन रस्ते पलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायच्या, काड्या गरम करून वाकवायच्या, काचा पुसायच्या. लग्न झाल्या झाल्या मुलाने तिला लाडाने 'काडी' म्हणायला सुरुवात केली. तो जहाजावर गेला, नाव घरातच राहिलं. मावशीही तिला काडीच म्हणायच्या.

दोघींचं चांगलं जमायचं. सासू बोलायची, सून ऐकायची. भांड्याला भांडं लागलंच तर संध्याकाळच्या चहाला आवाज निवलेला असायचा. पण एका सकाळी न्हाणीघरात मावशींचा पाय घसरला आणि त्यानंतर दोघींमध्ये असं काहीतरी येऊन बसलं की ज्याचं नाव कोणीच काढेना.

झालं होतं ते असं. अंघोळ करून उठताना मावशी पडल्या त्या नेमक्या भिंत आणि बादलीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघे दुमडून अडकले होते आणि अंग ओलं. काडी धावत आली. तिने काखेत हात घालून ओढलं, मागून रेटलं, पाय भिंतीला लावून पुन्हा ओढलं. मावशी हलल्या नाहीत. काडीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. शेवटी ती म्हणाली, "आई, मी कोणाला तरी बोलावते." मावशी म्हणाल्या, "नको." थोडा वेळ गेला. फरशी गार होती. मावशी म्हणाल्या, "बोलाव."

जाण्याआधी काडी पुढच्या खोलीत पळाली आणि समोर आला तो पडदा उचलून घेऊन आली. गिऱ्हाइकाचा होता, मखमली, अस्तर लावून तयार, त्याच दिवशी द्यायचा. तो तिने ओल्या फरशीवर सासूच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत घातला, कडा नीट आत खोचल्या, आणि मगच दार उघडलं. समोरचे फर्निचरवाले आले, वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. दोघंही सज्जन, नजर भिंतीवर ठेवून आत शिरले. त्या पडद्याचीच झोळी करून तिघांनी मावशींना उचललं. दारातून निघताना फर्निचरवाले सवयीने बोलून गेले, "सांभाळून हं, तिरपं करा. कपाटासारखं घ्या, कपाटासारखं."

मावशी आयुष्यभर स्वतःवर विनोद करत आल्या होत्या. हा विनोद नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. त्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काडी पलीकडे उभी राहून स्वतःची मनगटं चोळत होती.  त्या दिवसापासून फर्निचरवाले मावशी दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायला लागले. मावशींनी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, बिचाऱ्याला किळस आली असेल.

पुढच्याच महिन्यात त्यांनी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते; साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा, गुडघे तर कधीच रुसले होते. मावशी आजवर "बघू" म्हणत आल्या होत्या. आता त्या स्वतः जाऊन म्हणाल्या, "करून टाका." काडीने रजा काढली, इस्पितळात खुर्चीवर बसून झोपली, आणि सासूला चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. पोटाची पिशवी आता केळ्याएवढी उरली होती. एक घोट घ्यायचा, थांबायचं, मग दुसरा. "आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट माझ्या आधी भरतंय," मावशी म्हणाल्या, आणि काडी हसली. पण त्या सकाळबद्दल तेव्हाही कोणी काही बोललं नाही.

टाके निघाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंची भेट होती. वयाने तरुण, बोलायला मऊ. त्यांच्या टेबलावर रबराचं अंडं होतं, रबराची वाटीभर उसळ होती, माशाचा रबरी तुकडा होता. किती खायचं ते डोळ्यांना कळावं म्हणून. काडी औषधं आणायला गेली होती. मावशी अंडं दाबून बघत बसल्या.

"ऑपरेशनच्या दिवशी एकशे अठरा होतात," बाई म्हणाल्या. "आता आपण एक लक्ष्य ठरवू. तुमच्या मनात काही आकडा आहे?"

"साठ," मावशी ताडकन म्हणाल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लग्नात होतं का तेवढं?"

"लग्नात मी पंच्याहत्तर होते. नवरदेव साठ होता."

"मग साठच कशाला?"

"गोल आकडा आहे."

"ऐंशीही गोलच आहे की, मावशी."

"ऐंशी जरा जास्तच गोल आहे."

बाई हसल्या, पण सोडलं नाही. वर्षभरात ऐंशीच्या आसपास येणं म्हणजे फारच उत्तम, त्यापुढचं शरीर ठरवेल, ओढूनताणून आकडा गाठू नका, साखर उतरली, चालताना धाप लागली नाही, झोप लागली, की जिंकलात. मावशींनी सगळ्याला मान डोलावली. बाईंनी कार्डावर ऐंशी लिहिलं. मावशींनी मनात साठच ठेवलं.

साठ हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. मापाशिवाय कात्री लावायची नाही हा त्यांचा धंद्याचा नियम होता. कापडाचा गठ्ठा टेम्पोतून यायचा, तीस किलोचा. तो काडी एकटी उचलून कापायच्या टेबलावर ठेवायची, ओठ दाताखाली धरून. मावशींनी हिशेब केला: एवढीशी पोर रोजच्या दिवसात तीस उचलते, तर जिवावर बेतलं की दुप्पट उचलेल. तेव्हा पुन्हा पडायची वेळ आली, आणि या वयात ती येणारच, तर आपण साठ असलेलं बरं. म्हणजे कोणाला हाक मारायला नको. दार बंद ठेवून दोघींचं दोघींत उरकेल. हे त्या कोणाला सांगणार? काडीला सांगायचं तर त्या सकाळबद्दल बोलावं लागलं असतं.

पहिले सहा-सात महिने वजन उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं उतरलं. काडी दर रविवारी काटा बाहेर काढायची आणि आकडा बघून टाळी वाजवायची. मावशींचे झगे आधी सैल झाले, मग तंबू झाले. त्यांनीच ते उसवून पुन्हा शिवले, आणि उरलेल्या कापडात काडीचे दोन सदरे झाले, झबलीच म्हणावीत असे. मशीनसमोरची खुर्ची पुढे ओढता यायला लागली. आजवर पोट आणि टेबल यांच्यातल्या तहाप्रमाणे ती मागेच राहायची. साखरेच्या गोळ्या अर्ध्या झाल्या. एक दिवस त्यांना कळलं की आपण मांडीवर मांडी टाकून बसलोय. त्या तशाच बसून राहिल्या, पायाला मुंग्या येईपर्यंत.

लोकांनीही आपलं काम चोख केलं. कोणी म्हणालं, "छान दिसता हो," कोणी म्हणालं, "पण चेहरा उतरला," आणि एक बाई तर पडद्याचं माप द्यायला येऊन म्हणाल्या, "तुमच्या मोठ्या बहिणीला बोलावता का जरा?"

मग ऐंशीजवळ येऊन गाडी थांबली. एका रविवारी एक्क्याऐंशी, पुढच्या रविवारी एक्क्याऐंशी, त्याच्या पुढच्या रविवारी एक्क्याऐंशी आणि वर थोडं. काडी म्हणाली, "आलं की आई! बाई किती खूश होतील." मावशी "हो" म्हणाल्या आणि दुपारपासून दह्याची अर्धी वाटी मोरीत जायला लागली.

मुळात जे खायचं तेच चिमूटभर. त्यातलं अर्धं गेल्यावर उरणार काय? सकाळी काडी कामावर जाताना उकडलेलं अंडं सोलून ताटलीत ठेवून जायची. शेजारचं मांजर खिडकीत येऊन बसायचं. मावशी त्याला म्हणायच्या, "घे, तुझं नशीब." पुढे त्याच्या नशिबात चिकनचा तुकडाही आला, माशाचाही आला. केस गळायला लागले. कंगव्यात भुसकट यायचं. मशीनवर सुई ओवताना हात थरथरायचा. मावशी म्हणायच्या, "वय झालं." दोन महिन्यांत दोनच किलो उतरले. साठ अजून डोंगरापलीकडे होतं.

एकदा काडी खिडकीत उभी राहून म्हणाली, "आई, हे मांजर बघा कसं फुगलंय. पोटुशी आहे की काय?"

"बोका आहे तो."

"मग काय खातोय एवढं?"

"त्याच्या मालकिणीला विचार," मावशी म्हणाल्या आणि जोरजोरात मशीन चालवायला लागल्या.

गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीला उंच उंच खिडक्या होत्या. त्यांचे पडदे तयार झाले. मावशी ते बसवायला स्वतः गेल्या. गेली कित्येक वर्षं हे काम त्या माणूस पाठवून करून घ्यायच्या, कारण स्टुलावर चढणं त्यांच्याने व्हायचं नाही. आता चढता येत होतं आणि त्याचं त्यांना भारी अप्रूप होतं. तीन खिडक्या झाल्या. चौथ्या खिडकीशी चुण्या सारख्या करायला त्यांनी हात वर केले, आणि खोलीचा उजेड कोणीतरी चिमटीत धरून विझवावा तसा विझला. नशीब, की तोवर त्या स्टुलावरून उतरल्या होत्या. पडदा धरून त्या खाली घसरल्या आणि रॉडसकट पडदा त्यांच्यावर आला.

गाणाऱ्या बाईंनी त्यांना आडवं केलं, पायाखाली उशी दिली आणि चष्म्याच्या दुकानात फोन केला. काडी आली ती धावतच. हातात कुठल्यातरी गिऱ्हाइकाची फ्रेम तशीच होती, एकच काडी बसवलेली. मावशींना शुद्ध आली होती. काडीने गुडघे टेकून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि साखरपाणी पाजलं, एक घोट, थांबून दुसरा, इस्पितळात पाजायची तसं.

"आज काय खाल्लं?" तिने विचारलं.

"खाल्लं की."

"आई."

"अंडं."

"कोणी खाल्लं अंडं?"

मावशी छताकडे बघत राहिल्या. "बोक्याने," त्या म्हणाल्या.

काडीने पेला खाली ठेवला. तिच्या हनुवटीला खळी पडून ती थरथरायला लागली. थोड्या वेळाने मावशींच्या चेहऱ्यावर रंग परतला, बोटं गरम झाली. काडीने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, उठायचं आता. घरी जाऊ, मग डॉक्टरांकडे."

"थांब," मावशी घाईने म्हणाल्या. "तुला नाही जमायचं. मी अजून एकोणऐंशी आहे. बाहेर कोणाला तरी बोलाव."

"म्हणजे?"

"साठ झाले असते तर तुला जमलं असतं गं. मी केला असता पुरा आकडा, पण उतरेचना मेलं. थोडा वेळ अजून मिळायला हवा होता."

मावशींच्या तोंडून हे निघून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काय निघून गेलं. गाणाऱ्या बाई समजूतदार. "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. काडी सासूकडे बघत राहिली. तिला तो गठ्ठा आठवला की नाही कोण जाणे, पण साठचा अर्थ कळला. कळायला वेळ लागला नाही, पचायला लागला.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला उचलता यावं म्हणून तुम्ही उपाशी राहिलात?"

"तू बिचारी ओढत होतीस," मावशी म्हणाल्या. "तुझी मनगटं सुजली होती. मी बघितली होती."

काडी उठली. तिने खोलीतल्या दोन खुर्च्या ओढून आणल्या, बिनहातांच्या, भक्कम. एक मावशींच्या डोक्याशी ठेवली, एक बाजूला तयार ठेवली. दुकानात लहान मुलाच्या नाकावर पहिला चष्मा बसवताना ती ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "आई, मी तुम्हाला उचलणार नाहीये. उठणार तुम्ही आहात. मी फक्त सांगते. कुशीवर वळा. हं. आता कोपरावर या. घाई नाही. आता ओणवं व्हायचं, बाळ रांगतं तसं."

"या वयात रांगू?"

"रांगा. आता दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. धरलंत? ज्या गुडघ्यावर जास्त भरवसा आहे तो पाय पुढे घ्या."

"भरवसा एकावरही नाही."

"मग कमी लबाड असेल तो."

मावशींना हसू आलं. पाय पुढे आला. हातांनी खुर्ची दाबत त्या अर्ध्या वर आल्या, आणि काडीने दुसरी खुर्ची अलगद मागून त्यांच्या खाली सरकवली. मावशी बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा चाचपल्या, आपण खरंच वर आलोय का ते बघायला. काडीने त्यांना कुठे ओढलं नव्हतं; सगळा वेळ तिचा एक हात फक्त त्यांच्या पाठीवर होता.

"हे तू कुठे शिकलीस?"

"इस्पितळात. तुम्ही झोपलेल्या असायचात तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी मला फरशीवर झोपवून शिकवलं. एकशे अठराचं माणूससुद्धा असं उठतं म्हणाल्या, दुखापत नसली तर."

"मग मला बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? त्या दिवसाचा विषय जवळपास आला तरी तुमचा चेहरा मिटायचा. मला वाटलं, मी लोकांना घरात आणलं म्हणून तुम्हाला माझा राग आहे."

"राग?" मावशींचा आवाज चिरकला. "अगं, तू तो पडदा घातलास माझ्यावर. कडा खोचल्यास. माझ्या आईनेसुद्धा इतकं निगुतीने पांघरूण घातलं नसेल मला. राग कसला? लाज होती. त्या माणसाने मला कपाट म्हटलं तेव्हा तू तिथे होतीस, त्याची लाज."

"मी त्यांना सांगून आले," काडी म्हणाली.

"कोणाला?"

"फर्निचरवाल्यांना. दुसऱ्या दिवशी गेले होते. म्हटलं, माझ्या सासूबाई कपाट नाहीत."

मावशी बघतच राहिल्या. ही मुलगी भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तरी गुपचूप घेऊन येणारी. "मग?"

"रडायला लागले ते. म्हणाले, जन्मभर कपाटंच उचलली, तोंडात तेच बसलंय. तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणत होते."

मावशींनी खुर्चीच्या कडा सोडल्या. मग म्हणाल्या, "आणि मी समजत होते, तो माझी किळस येऊन पलीकडून जातो."

गाणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या तेव्हा सासू-सून दोघी रडत होत्या आणि मधूनच हसत होत्या, आणि चौथ्या खिडकीचा पडदा जमिनीवरच होता. बाईंनी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी काडीने येऊन तो बसवला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, जीवनसत्त्वांची सुई दिली आणि भरपूर बोलणी खाऊ घातली. आहारतज्ज्ञ बाईंकडे या खेपेला दोघी मिळून गेल्या. काडीने सगळं सांगितलं, बोक्यासकट. मावशी शाळेत पालकांना बोलावलेल्या मुलीसारख्या मान खाली घालून बसल्या होत्या.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. तुम्ही साठ म्हणालात तेव्हा मी समजावत बसले, विचारलं अर्धवटच. आता विचारते. वजनाचं राहू द्या. तुम्हाला काय काय करता यायला हवंय?"

मावशींना हा प्रश्न कोणी कधी केला नव्हता. त्या चाचरत म्हणाल्या, "स्टुलावर चढता यावं. चक्कर न येता. खाली बसून पडद्याची खालची दुमड टाचता यावी. इतकी वर्षं ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं, कोणालाच माझ्यासारखं सरळ जमत नाही." मग थांबून म्हणाल्या, "आणि पडले तर उठता यावं."

"यातलं किती येतं?"

"चढता येतं. बाकीचं बघायचंय."

"मग एवढंच धरायचं," बाई म्हणाल्या. "एकोणऐंशीला शरीर थांबलंय तर त्याला आणखी का दमवायचं? आकडा इथेच राहिला तर राहू दे, दोन वर गेला तर जाऊ दे. पोटात मात्र जायलाच हवं. प्रथिनं आधी." आणि त्यांनी कार्डावरच्या ऐंशीपुढे काहीतरी लिहिलं. मावशींनी वाकून बघितलं तर 'ठीक आहे' असं लिहिलं होतं.

सगळं काही एका दिवसात सुरळीत झालं नाही. वजन त्र्याऐंशीवर गेलं तेव्हा मावशींनी एक पूर्ण सकाळ तोंड पाडून काढली. दह्याची वाटी मोरीकडे न्यायला हात शिवशिवायचा. मग त्या स्वतःलाच दटावायच्या आणि वाटी घेऊन समोरच्या ओट्यावर लोकांच्या देखत खायला बसायच्या, म्हणजे लबाडी करायला जागा उरायची नाही. तिथे बसल्या असतानाच एकदा फर्निचरवाले रस्ता ओलांडायला निघाले. मावशींनी हाक मारली, "अहो, इकडून या. रस्ता काय विकत घेतलाय का पलीकडचा?" ते आले, हात चोळत उभे राहिले. मावशींनी त्यांना दुकानातलं मशीनचं डुगडुगतं टेबल दाखवलं. त्यांनी ते तिथल्या तिथे ठोकून दिलं. माफीबिफी दोघांनीही मागितली नाही.

कपाळावर बारीक लव यायला लागली होती, नव्या केसांची, त्या सुमाराला एका रविवारी मावशी म्हणाल्या, "काडे, ते उठायचं पुन्हा शिकव. त्या दिवशी अर्धं घाबरण्यात गेलं."

पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लागलं, दोन खुर्च्या आल्या. मावशी जमिनीवर आडव्या झाल्या आणि उठल्या. पुन्हा झाल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्या वेळी काडीने हात लावला नाही, नुसती बघत उभी राहिली. मावशी खुर्चीवर बसून दम खात होत्या. घाम आला होता, गाल लाल झाले होते.

"आता तू झोप," त्या म्हणाल्या.

"मी कशाला?"

"झोप म्हणते ना. तू काय कधी पडायची नाहीस? तेव्हा माझा मुलगा कुठल्या समुद्रात असेल कोणास ठाऊक. मला यायला नको?"

काडी जमिनीवर आडवी झाली. मावशींनी खुर्चीला धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. सुनेच्या उशाशी त्या बसल्या. जमिनीवर अशा बसून त्यांना किती वर्षं झाली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीचे मणके बोटांना एकेक लागत होते.

"कुशीवर वळ," मावशी म्हणाल्या. "हं. कोपरावर ये. घाई नाही. आणि तू का गं इतकी हाडकुळी? तुझं लक्ष्य कोणी ठरवायचं?"

काडीला हसू फुटलं आणि ती कोपरावरून घसरून पुन्हा आडवी झाली. मावशीही हसायला लागल्या आणि खुर्ची सुटून तिच्या शेजारीच पसरल्या. नेमका तेव्हाच फोन वाजला. जहाजावरून मुलगा होता. मावशींनी झोपल्या झोपल्याच फोन घेतला.

"आई, काय करताय दोघी?"

"जमिनीवर पडलोय."

"काय?" पलीकडे तो ओरडलाच. "कोण पडलं? लागलं का? कोणाला बोलावलं का?"

"कोणाला कशाला बोलवायचं?" मावशी म्हणाल्या. "आहोत की दोघी."

काडीने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली, न्हाणीघरापासून. मावशी तिच्या शेजारी पडून ऐकत राहिल्या. ती मखमली पडद्यापाशी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि काही राहिलं तर मध्येच सांगायला लागल्या.